न पिण्याच्या पाण्याकाठी

जुलैत पावसाने दोन-चार दिवस नीट लावून धरलं की एक बातमी ठरलेली असते: पवई तलाव भरून वाहू लागला. सोबत बांधावरून कोसळणाऱ्या पाण्याचा फोटो. आमच्या घरच्या ग्रुपवर लगेच कुणीतरी टाकतं, "चला, पाणीकपात गेली." मग मामांचा मेसेज येतो. मामा महापालिकेच्या जल खात्यात चावीवाले होते. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, लांब दांड्याच्या चावीने व्हॉल्व्ह फिरवायचा, या गल्लीचं पाणी सोडायचं, त्या गल्लीचं बंद करायचं, हे काम त्यांनी निवृत्तीपर्यंत केलं. ते दरवर्षी न कंटाळता लिहितात, "पवईचा आणि आपल्या नळाचा काही संबंध नाही. भातसाचं बघा."

मामा म्हणतात ते खरं आहे. मुंबईला पिण्याचं पाणी देणारे तलाव सात: अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी. पवई त्यात नाही. काठोकाठ भरला तरी पवईत 545.5 कोटी लीटर पाणी मावतं, आणि शहराला रोज सुमारे 385 कोटी लीटर पुरवावं लागतं. म्हणजे पवईचं पाणी पिण्याजोगं असतं तरी दीड दिवससुद्धा पुरलं नसतं. ते कारखान्यांना आणि आरेच्या दुग्ध वसाहतीला वापरायला जातं, तेवढंच.

तरीही या शहरातल्या सगळ्या पाण्यांत मला जवळचं वाटतं ते पवईचं. त्याचं कारण सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

1850 च्या दशकातली मुंबई विहिरींवर आणि टाक्यांवर जगत होती. उन्हाळ्यात त्या आटायच्या. टंचाई इतकी झाली की शहरातली गुरं बाहेर माहीमकडे हलवली गेली, आणि होड्यांतून, आगगाडीतून पाणी आणावं लागलं. त्यातून मिठी नदीच्या खोऱ्यात साष्टीच्या डोंगरांमध्ये पाणी अडवायचं ठरलं. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याने योजना मांडली, 1856 ला काम सुरू झालं आणि 1860 मध्ये विहारचं पाणी नळातून शहरात पोहोचलं. मुंबईत लांबून नळाने पाणी आलं ते तेव्हा पहिल्यांदा. काही वर्षांत तेही पुरेना, म्हणून विहारच्या वरच्या अंगाला 1879 मध्ये तुळशी बांधला. तुळशी भरला की त्याचं पाणी विहारात उतरतं. त्यानंतर पुन्हा टंचाईच्या घाईत 1890-91 च्या सुमाराला पवईचा बांध उभा राहिला.

पवईचं नशीब असं की त्याचं पाणी पिण्याजोगं ठरलं नाही, आणि पुढच्याच वर्षी, 1892 मध्ये, तानसाचं भरपूर, चांगलं पाणी शहराला मिळालं. एवढा खर्च करून बांधलेल्या तलावाची गरजच उरली नाही. तेव्हापासून तो तिथेच आहे. शहर त्याच्याभोवती वाढत गेलं. 1958 मध्ये त्याच्या काठावर आयआयटी आली, मग रस्ता रुंद झाला, टॉवर आले, आता मेट्रोचे खांब आले.

विहार आणि तुळशीचं तसं नाही. त्यांचं पाणी आपण पितो, म्हणून त्यांना जपतो. ते दोन्ही संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या रानात आहेत, पहाऱ्यात आहेत, परवानगीशिवाय तिथे जाता येत नाही. मामा नोकरीत असताना एकदा कामानिमित्त विहारला गेले होते. तिथलं पाणी कसं होतं, असं मी कितीदा विचारलं असेल. "शांत होतं," एवढंच ते म्हणतात. मग थोडं थांबून, "आणि माणूस नव्हता."

मला स्वतःला ते पाणी लांबूनच दिसलंय. त्याच उद्यानातल्या कान्हेरीच्या लेण्यांच्या वर, अगदी वरच्या कातळावर चढून गेलं की रानापलीकडे पाण्याचा तुकडा चमकतो. कान्हेरीला जाणारे बहुतेक जण मोठं चैत्यगृह बघून परत फिरतात. त्यांनी वर जावं आणि जाताना लेण्यांच्या दाराशी खोदलेली पाण्याची टाकी बघावीत असं मला फार वाटतं. जवळजवळ प्रत्येक लेण्याला स्वतःचं टाकं आहे. कातळावरून उतरणारं पावसाचं पाणी त्यात जावं म्हणून दगडात पन्हळी कोरल्यात. टाकं कुणी खोदवून दिलं, ते शिलालेखात कोरून ठेवलंय. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरात राहायला आलेल्या माणसांनी आधी पाण्याची सोय केली. त्याच डोंगराचं पाणी पुढे ब्रिटिशांनी अडवलं. तिथे उभं राहिलं की हे एका नजरेत येतं.

पण त्या पाण्यापर्यंत जाता येत नाही, आणि येऊ नये हेही मला पटतं. पिण्याच्या पाण्यावर लोकांची वर्दळ नकोच. मग मुंबईच्या माणसाने मोठं, मोकळं, गोडं पाणी बघायचं कुठे? समुद्र आहे, पण समुद्राची गोष्ट निराळी. झाडं, बेटं, बदकं, मासे, मगरी असलेलं पाणी, आणि तेही लोकलने जाऊन रिक्षाच्या भाड्यात, तिकिटाशिवाय, कुणालाही, कधीही बघता येईल असं? ते पवईला आहे.

मी मुद्दाम जानेवारीत जाते. मगरी उन्हाला बाहेर येतात त्या थंडीत. आपल्याकडे गोड्या पाण्यात असते ती दलदलीतली मगर. तिचं रक्त थंड, म्हणून अंगात ऊब आणायला सकाळी उन्हात पडून राहावं लागतं. गेल्या थंडीत मामा आणि माझी लेक बरोबर होते. काठाने चालताना एका ठिकाणी दोन-तीन लोक कठड्याला टेकून समोर बघत उभे होते. पवईला अशी माणसं दिसली की थांबावं, विचारावं. रोज फिरायला येणारे लोक फार प्रेमाने दाखवतात. "त्या कोरड्या झाडाच्या खाली बघा, चिखलावर," एका गृहस्थांनी सांगितलं. दुर्बीण लावली, पण आधी काहीच दिसेना. मग चिखलातच एक लांब उंचवटा दिसला, आणि त्याला जबडा होता.

जबडा उघडा होता. पूर्ण उघडा, आतला फिकट पिवळा रंग दिसेल इतका, आणि हालचाल शून्य.

"मामाआजोबा, ती मेलीय का?" लेकीने विचारलं.

"नाही गं. ऊन घेतेय."

"मग तोंड कशाला उघडलंय?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं की मगरीला माणसासारखा घाम येत नाही. ऊन जास्त झालं की ती तोंड उघडून डोकं थंड ठेवते. लेकीला पटलं की नाही, कळलं नाही, कारण तेवढ्यात एक बगळा चालत चालत त्या मगरीच्या शेपटीपाशी आला. अगदी जवळ. आम्ही सगळे गप्प. बगळा चिखलात काहीतरी टोचत राहिला, मगर तशीच पडून राहिली. पाच-दहा मिनिटं गेली असतील. मग तिने जबडा मिटला. सगळ्यांना वाटलं आता सरपटत पाण्यात जाईल. पण ती उठली. चारही पाय अंगाखाली घेतले, पोट जमिनीपासून उचललं आणि चालत गेली, सावकाश, पाय टाकत, शेपटीचं टोक तेवढं चिखलात ओढत. मगर अशी अंग उचलून चालते हे मी वाचलं होतं, बघितलं नव्हतं. पाण्याशी पोहोचल्यावर तिने अंग आत सोडलं, आणि एक तरंगसुद्धा नीट उठला नाही.

मामा बराच वेळ त्या जागेकडे बघत राहिले. नंतर चहा पिताना म्हणाले, "आमचं पाणी बघणं म्हणजे नळाला आलं की नाही, एवढंच. प्रेशर किती, वेळ किती. त्यात कोण राहतं, हे कधी डोक्यातच आलं नाही."

मला पवईबद्दल जे वाटतं ते मामांच्या या बोलण्याजवळच आहे. आपण पाण्याला विचारतो, तू माझ्या काय कामाचं? पवईचं उत्तर "पिण्याच्या कामाचं नाही" असं आलं आणि आपण त्याच्याकडे पाठ फिरवली. आजूबाजूच्या टेकड्या खाणींनी पोखरल्या, माती तलावात उतरली, तलाव उथळ होत गेला. वस्त्यांचं आणि इमारतींचं सांडपाणी त्यात सोडलं. विहारात आपण हे कधी केलं नसतं. म्हणजे जो तलाव बघता येतो तो आपण घाण केला, आणि जो स्वच्छ ठेवला तो बघता येत नाही. माझं म्हणणं असं की बघायला मिळणं हेच पवईचं काम आहे, आणि ते लहान काम नाही. सव्वा कोटी माणसांच्या शहरात एका मुलीला मगर चालताना दिसते, ही सोय आहे. पाणीपुरवठ्याइतकीच सार्वजनिक सोय. तिच्यासाठीही तेवढाच खर्च आणि तेवढीच जपणूक व्हायला हवी.

जपणूक म्हणजे काय, हे मात्र नीट ठरवावं लागतं. काही वर्षांपूर्वी तलावाला वळसा घालून सायकल मार्ग बांधायला सुरुवात झाली होती. काठावर दगडांचा भराव पडला. सायकलवरून तलाव बघायला लोकांना आवडलं असतं, यात शंका नाही. मलाही आवडलं असतं. पण मगर अंडी घालते ती काठाच्या मऊ मातीत खड्डा करून. हिवाळा संपता संपता अंडी घालते, पावसाच्या आधी पिल्लं बाहेर येतात. आतून पिल्लांचा आवाज आला की आई माती उकरते आणि त्यांना जबड्यात धरून पाण्यात नेते. तो काठ दगडाखाली गेला तर बघायला आलेल्या माणसांना बघायचं तेच उरणार नाही. मे 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवलं आणि भराव काढून जागा पूर्ववत करायला सांगितलं. आयआयटीत शिकणाऱ्या मुलांनी त्यासाठी कोर्टाची पायरी चढली होती, याचं मला मनापासून कौतुक आहे. तलावाचा एक काठ माणसांचा असावा आणि बाकीचे काठ मगरींकडे राहू द्यावेत. रस्त्याच्या बाजूला फिरायला, बसायला जागा आहे, कठडा आहे, तिथून सगळं दिसतं. आणखी जवळ जायची गरज नाही.

जलपर्णीचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा. ही वनस्पती दक्षिण अमेरिकेतून आलेली. सांडपाण्यातलं खत मिळालं की ती बघता बघता पसरते, खालच्या पाण्याला ऊन मिळत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे मरतात. ती काढायला मशीन लावतात, ट्रक भरून नेतात, आणि काही महिन्यांत पुन्हा तितकीच. सांडपाणी आत येणं थांबत नाही तोवर हे असंच चालणार. सांडपाणी बंद करणं हेच पहिलं काम आहे. बाकी सगळं त्यानंतर.

पण त्याच हिरव्या गालिच्यावर ऑगस्टमध्ये मी जे बघितलं ते विसरता येत नाही. पाऊस थांबला होता, ढग खाली आले होते. कमळपक्ष्याची जोडी पानांवरून चालत होती. या पक्ष्याच्या पायाची बोटं एवढी लांब की वजन पसरतं आणि तो तरंगत्या पानावर न बुडता उभा राहतो. यांच्यात घर नराने सांभाळायचं. मादी अंडी घालते आणि दुसरा नर शोधते. अंडी उबवणं, पिल्लांना घेऊन फिरणं, सगळं बापाकडे. मी बघत होते तो बाप होता. आजूबाजूला तीन पिल्लं, भुरक्या रंगाची, अंगाच्या मानाने पाय फारच मोठे. वरून घार फिरत आली. बापाने आवाज दिला, खाली बसला, पंख थोडे उचलले. पिल्लं धावत आली आणि पंखाखाली शिरली. मग तो उठून चालू लागला. दोन्ही बाजूंनी पंखांखालून ते लांब लांब पाय लोंबत होते, भाजीच्या पिशवीतून कोथिंबिरीचे देठ डोकावतात ना, तसे. घार निघून गेली. त्याने पंख सैल केले, आणि पिल्लं एकेक करून खाली उतरून जणू काही झालंच नाही अशी पुन्हा चरू लागली.

म्हणून जलपर्णी काढताना, कधी आणि किती काढायची हे पक्षी जाणणाऱ्या माणसांना विचारून ठरवावं, असं मला वाटतं. विणीच्या महिन्यांत थोडे पट्टे राहू द्यावेत. काठावरचं पाणगवत, देशी कमळं, यांना जागा मिळाली तर या पक्ष्यांना जलपर्णीवर अवलंबून राहावं लागणार नाही.

त्याच गवतात जांभळी पाणकोंबडी असते. तिला बघायला दुर्बीणही लागत नाही. लाल चोच, लाल कपाळ आणि निळं-जांभळं अंग. ती जेवते कशी ते मात्र थांबून बघावं: देठ उपटते, एका पायाच्या पंजात धरते आणि तोंडाशी नेऊन खाते. माझ्या लेकीने हे बघून घरी पोळीचा रोल तसाच धरून खायचा प्रयत्न केला. टिबुकल्या मधेच बुडी मारून भलत्याच ठिकाणी वर येतात. पाणकावळे खांबांवर पंख पसरून वाळत बसतात. थंडीत वारकरी नावाचे पाणपक्षी येतात, काळे कुळकुळीत, कपाळावर पांढरा टिळा.

माणसंही बघण्यासारखी असतात. गळ टाकून बसणारे आहेत. त्यांची संघटना, महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन, 1955 पासून या तलावावर आहे. रोहू, कटला लागतात. शेजारी कितीही वेळ उभे राहा, ते मान वळवत नाहीत. गणेश घाटावर भाद्रपदात गर्दी होते, आता घाटाजवळ कृत्रिम तलावातही विसर्जन करतात, ते चांगलं झालं. एरवी सकाळी तिथे म्हातारी माणसं बसलेली असतात, त्यांच्या बाजूला परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं.

आणि भरून वाहणारं पाणी कुठे जातं? मिठीत. विहारचा सांडवा आणि पवईचा सांडवा मिळून मिठी होते, आणि सुमारे 18 किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीला मिळते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मिठीने काय केलं ते आमच्या पिढीला सांगायला नको. त्या रात्री मामा ड्युटीवर होते, दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी आले. आता आम्ही बांधाच्या खालच्या अंगाला उभे राहतो तेव्हा ते लेकीला हाताने दाखवतात, "हे इथून निघतं, आरेच्या कडेने जातं, मग मरोळ, मग विमानतळाच्या खालून..." चावीवाल्याला शहराचं पाणी जमिनीखालून पाठ असतं. मला ते ऐकायला फार आवडतं.

तुम्हाला जायचं असेल तर कांजूरमार्गला पश्चिमेला उतरा, तिथून रिक्षा किंवा बस. सूर्य उगवायच्या सुमाराला पोहोचा; नऊनंतर रस्त्याचा आवाज वाढतो आणि पक्षी आत सरकतात. मगरींसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि ऊन अंगाला लागेपर्यंत थांबायची तयारी. पिल्लं बघायची तर पावसाळा, पण चिखल असतो, चप्पल घालून जाऊ नका. साधी दुर्बीण चालते. पाव, फरसाण काहीही पाण्यात टाकू नका, माशांनाही नाही. कठड्याच्या पलीकडे उतरू नका. काठावर मगर दिसत नसली तरी असू शकते. आणि कुणी विचारलं, "काय दिसतंय?" तर दुर्बीण त्यांच्या हातात द्या.